वाचकांचे प्रश्न : प्रतिपालक होण्यापूर्वी

प्रश्न : आम्ही दोघे अंबाजोगाई तालुक्यातील एका गावी शिक्षक आहोत. वय ४९ आणि ४६, लग्नाला २१ वर्षे झाली, मूलबाळ नाही. वयामुळे दत्तकाचा विचार सोडून दिला होता. पण बालगृहातील मूल प्रतिपालक म्हणून घरी आणता येते आणि दोन वर्षांनी दत्तक घेता येते, असे एका सहकाऱ्याने सांगितले. हे खरे आहे का? सासूबाई म्हणतात, परक्याचे लेकरू मोठे झाले की आपल्या माणसांकडेच जाते. त्यांना काय सांगावे?

उत्तर : सहकाऱ्याने सांगितले ते खरे आहे (प्रतिपालक म्हणजे मूल दत्तक न घेता काही काळ आपल्या घरी सांभाळणारे), पण त्यातली सर्वांत महत्त्वाची अट राहून गेली. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार प्रतिपालक कुटुंबाला दोन वर्षांनंतर त्या मुलाला दत्तक घेण्यासाठी अर्ज करता येतो (पूर्वी ही मुदत पाच वर्षे होती). मात्र ते मूल दत्तक देण्यास कायदेशीररीत्या मुक्त आहे, असे बाल कल्याण समितीने (निराधार मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातील समितीने) जाहीर केलेले असावे लागते. प्रतिपालकत्वासाठी येणाऱ्या अनेक मुलांच्या बाबतीत तसे कधीच होत नाही, कारण त्यांचे आईवडील किंवा त्यांच्यापैकी एक हयात असतो. कोणी मानसिक आजाराने खचलेला असतो, कोणी तुरुंगात असतो, कोणी व्यसनाच्या आहारी गेलेला असतो. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ नुसार अशा पालकांना मुलाला ठरावीक काळाने भेटता येते आणि ते सांभाळण्यास योग्य ठरले, तर मूल त्यांच्याकडे परतही जाऊ शकते. ती भेट मुलाच्या हिताची नाही असे समितीला वाटले, तरच ती थांबवली जाते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, मूल कायमचे आपले व्हावे ही इच्छा मनात असेल, तर दत्तकाचाच रस्ता धरावा, प्रतिपालकत्वाच्या आडून त्या घरात शिरू नये. आपल्या वयाचीही अडचण वाटते तेवढी नाही. दत्तकाच्या २०२२ च्या नियमांत पतिपत्नीच्या वयांची बेरीज पाहतात. आपली बेरीज ९५ होते. चार वर्षांखालील मुलासाठी ती जास्त ठरते, पण चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी मर्यादा १०० आणि आठ वर्षांवरील मुलासाठी ११० आहे. मोठ्या मुलांना घर मिळणे तान्ह्यांपेक्षा कितीतरी अवघड असते, हेही ध्यानात घ्यावे.

हे सारे वाचूनही एखाद्या लेकराला त्याच्या पडत्या काळात घर द्यावे असे वाटत असेल, तर जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयातील जिल्हा बाल संरक्षण कक्षात जावे. अर्ज आता दत्तकाच्या केंद्रीय संकेतस्थळावरूनही करता येतो. दांपत्याच्या वयांची बेरीज किमान ७० हवी आणि किमान दोन वर्षांचा स्थिर संसार हवा. दोन्ही अटी आपण पूर्ण करता. त्यानंतर गृहचौकशी होते, पोलीस पडताळणी आणि वैद्यकीय तपासणी होते. गृहचौकशीला येणारे कर्मचारी भिंतींचा रंग पाहायला येत नाहीत. घरात कोण कोण आहे, मुलाविषयी कोणाचे काय मत आहे, मूल कुठे झोपेल, शाळा किती दूर आहे, हे त्यांना पाहायचे असते. सासूबाईंनी त्यांच्यासमोर आपली शंका मोकळेपणाने बोलून दाखवली तर आपण संकोचू नये. ती दडवून पुढे मुलाच्या कानावर पडण्यापेक्षा तिथेच बोललेली बरी.

मूल घरी आल्यावर त्याचे नाव, आडनाव, जातीचा दाखला, सगळे त्याचेच राहते. शाळेत वडिलांच्या रकान्यात आपले नाव घालू नये. शिक्षण, आरोग्य आणि पोषण यांची जबाबदारी आपली. कायद्यानुसार समितीने दरमहा पाहणी करणे अपेक्षित आहे आणि मिशन वात्सल्य योजनेतून प्रतिमूल दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे; परंतु ही रक्कम वेळेवर हातात पडेल असे गृहीत धरून घरखर्चाची आखणी करू नये.

एक गोष्ट मी जवळून पाहिली आहे. बालगृहातून एका घरी आलेल्या दहा वर्षांच्या मुलीने आपली पत्र्याची पेटी खाटेखाली सरकवली आणि तिची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यातच ठेवली. कपाटाचा एक कप्पा तिच्यासाठी रिकामा केला होता, तरी कपडे पेटीतच राहिले. धुतलेला फ्रॉकसुद्धा घडी करून आत ठेवायचा, कुलूप लावायचे आणि दोनदा ओढून पाहायचे. घरच्या बाईंनी त्यावर एक शब्द काढला नाही आणि त्यांनी योग्यच केले. कुठूनही केव्हाही उठावे लागेल, हे त्या वयात जिने अनुभवले आहे, तिला "आता हे तुझंच घर" असे सांगून पेटी उघडायला लावणे म्हणजे तिच्याकडचे एकमेव हक्काचे स्थान काढून घेणे होय.

सासूबाईंचे म्हणणे चूक नाही; लेकरू आपल्या माणसांकडे जाऊ शकते. त्यांना एवढेच विचारावे की, ते जाईपर्यंतची वर्षे त्याने कुठे काढावीत असे त्यांना वाटते.

प्रश्न : मी लातूरला राहतो. घटस्फोटित, वय ५०, स्वतःचे दुकान आहे. एकट्या पुरुषाला दोघा भावांचा सांभाळ करता येईल का?

उत्तर : होय. नव्या सूचनांनुसार ३५ ते ६० वर्षे वयाच्या अविवाहित, विधवा, विधुर किंवा घटस्फोटित व्यक्तीलाही प्रतिपालक होता येते. एकट्या पुरुषाकडे केवळ मुलगेच सोपवले जातात. भावंडांची ताटातूट होऊ नये असे कायदाच सांगतो, त्यामुळे आपल्या तयारीचे स्वागत होईल. दुकान रात्री उशिरापर्यंत उघडे राहत असेल, तर त्या वेळी मुलांजवळ कोण असेल, याचे उत्तर चौकशीपूर्वी ठरवून ठेवावे.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलीचे वडील वारले. आई दसऱ्यानंतर भावासोबत ऊसतोडीला जाते, तेव्हा मुलगी माझ्याकडेच असते. ती कायमची माझ्याकडे राहावी म्हणून शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहून घ्यावे का?

उत्तर : कृपया घेऊ नये, ताई. अशा कागदाने मूल कोणाचे होत नाही. आणि ती आई गरीब आहे, अयोग्य नाही. पोटासाठी फडावर जाणे हे मूल काढून घेण्याचे कारण ठरू शकत नाही. मुलीचा आपल्याला किती लळा आहे हे पत्राच्या ओळीओळीतून कळते, पण एप्रिलमध्ये आई परत येते तेव्हा ती मुलगी कोणाकडे धावते, हेही आपण पाहिलेच असेल.

या मायलेकींना आज गरज आहे ती आधाराची. वडील नसलेल्या मुलीला बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. हा अर्ज आईच्या नावाने, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, रहिवासी पुरावा आणि शाळेचे बोनाफाईड जोडून बाल कल्याण समितीपुढे जाईल असे पाहावे. गावात हंगामी वसतिगृह चालू होणार आहे का, याची मुख्याध्यापकांकडे आताच चौकशी करावी. एवढे करूनही आईला हंगामात मुलगी आपल्याकडेच ठेवावीशी वाटली, तर तिघींनी मिळून समितीपुढे जावे आणि ते सांगावे, अल्पकाळासाठीही प्रतिपालकत्व देता येते आणि समितीचा लेखी आदेश असला की दवाखान्यात, शाळेत कोणी आपल्याला "तुम्ही कोण?" असे विचारून अडवणार नाही. मुकादमाची गाडी गावात यायच्या आत हे काम हातावेगळे करावे, कारण आईची सही आणि तिचे म्हणणे समितीला तिच्याच तोंडून ऐकायचे असते.