ताप उतरला, मग इको कशाला?

प्रश्न : नातू पाच महिन्यांचा, वजन साडेसहा किलो. आठ दिवस ताप हटेना म्हणून कोल्हापूरला नेला. कावासाकी नावाचा आजार निघाला. सलाइनमधून महागडं इंजेक्शन दिलं, पहिला इको (हृदयाची सोनोग्राफी) बरा आला. आता बाळ हसतं-खेळतं. तरी रोज ॲस्पिरिन आणि इकोसाठी पुन्हा घाट चढायचा?
— एक आजी, देवगड

उत्तर : हो आजी, चढायचाच. या आजारात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांना सूज येते, भिंत कमकुवत होऊन फुगते. ताप गेल्यावरही हे काही आठवडे चालू राहू शकतं. त्यातच दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रक्तातल्या प्लेटलेट वाढतात. फुगलेल्या जागी रक्त संथ होतं आणि गुठळी धरते. ॲस्पिरिन त्यासाठी आहे, तापासाठी नव्हे.

ते इंजेक्शन इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचं. किलोला 2 ग्रॅम, म्हणजे तुमच्या बाळाला 13 ग्रॅम. दहा दिवसांच्या आत मिळालं की धमनी फुगण्याचा धोका चारात एकावरून वीस-पंचविसात एकावर येतो. सहा महिन्यांखालच्या बाळांत मात्र उपचारानंतरही तो जास्तच राहतो. शिवाय लाल डोळे, फुटलेले ओठ, सुजलेले तळवे ही लक्षणं त्यांच्यात पुरती दिसत नाहीत, म्हणून निदानच लांबतं. दंडावरची बीसीजी लशीची जागा लाल होणं ही मोलाची खूण, पण ती सहज नजरेतून सुटते.

इको एक-दोन आठवड्यांनी आणि पुन्हा सहा आठवड्यांच्या सुमारास लागतो. लहान मुलांच्या हृदयाचे तज्ज्ञ जवळपास येत असतील तर तिथेच करा; पावसात घाट बंद पडतो, तारीख आधीच ठरवा. दोन्ही वेळा धमन्या नीट दिसल्या तर सहा-आठ आठवड्यांनी डॉक्टर ॲस्पिरिन थांबवतात. फुगवटा असेल तर ती चालू राहते. 8 मिलिमीटर किंवा मोठा असेल तर रक्त पातळ करणारं आणखी एक औषध जोडतात.

ॲस्पिरिनचा डोस आता किलोला 3 ते 5 मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला साधारण 20 ते 32. पंचाहत्तरची गोळी अंदाजाने मोडू नका, मोजलेल्या पुड्या मागून घ्या. सोबत आयबुप्रोफेन हे ताप-दुखण्याचं औषध नको. ताप परतला, किंवा घरात कुणाला कांजिण्या वा फ्लू झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. बाळ पांढरंफटक पडलं, घामाघूम झालं, दूध सोडून सारखं रडू लागलं, तर थेट इस्पितळ गाठा आणि ईसीजी काढायला सांगा.

नवव्या महिन्यात आशाताई गोवर-रुबेलाच्या लशीसाठी बोलावतील. त्यांना डिस्चार्ज कार्ड दाखवा. या इंजेक्शननंतर ती लस साधारण 11 महिने लागू पडत नाही. गावात गोवराची साथ असली तर डॉक्टर ती आधी देऊन पुढे परत देतात. पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस) आणि पोलिओ मात्र वेळेवरच.