जोडवाक्यं टाळणारा नववीतला मुलगा

"पोराला इंग्रजीत तीन-चार शब्दांपुढे वाक्य लिहिता येत नाही. लर्निंग डिसॅबिलिटी तर नसेल ना, सर?" मराठी आणि सेमी-इंग्रजी शाळांतल्या मुलांचे पालक हा प्रश्न घेऊन सारखे येतात. पारोळ्याकडची एक आई अशीच आली होती. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

घरी कपाशीची शेती. मुलगा घरात अहिराणी बोलतो, वर्गात मराठी, आणि गणित-विज्ञान इंग्रजीतून. मी त्याच्या निबंधाच्या वह्या मागवल्या. अलीकडचा निबंध असा: "इट वॉज रेनिंग. वी वेन्ट टू फार्म. द रोड वॉज बॅड. वी केम लेट." तार पाठवल्यासारखा. जूनची पानं उलटली तर तिथे वेगळंच लिहिलेलं: "ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट टू फार्म." खाली, "बिकॉज द रोड वॉज बॅड, सो वी केम लेट." दोन्हींना लाल गोल, बाजूला काहीच खुलासा नाही. म्हणजे पोरगा वाक्यं जोडत होता, लाल गोल खाऊन थांबला होता.

आधी शंका फेडून घेतली. मराठी उतारा त्याने सरळ वाचला, गोष्ट सांगताना 'जरी', 'म्हणून', 'तोपर्यंत' बिनचूक आले. वाचन-लेखनाची खरी अडचण असली तर ती सहसा मराठीतही दिसते. इथे तशी काही खूण नव्हती, म्हणून तपासणीला पाठवलं नाही.

चूक कुठून येते ते उघड आहे. आपण जरी म्हटलं की तरी म्हणतोच, जेव्हाच्या मागे तेव्हा येतोच. इंग्रजीत ऑल्दो आला की बटला जागा नाही. बिकॉज आला की सोला नाही. वर इफच्या जोडीला देन मात्र चालतो, त्यामुळे मुलं आणखी गोंधळतात. परीक्षेतल्या 'डू अ‍ॅज डायरेक्टेड'मधले वाक्य-रूपांतराचे प्रश्न पाठ करून मार्क मिळतात, पण हे कुणी सांगत नाही.

मी त्याला घरातलीच दोन वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहायला लावली: बोंडअळी आली, पप्पांनी फवारणी केली. आधी सो घालून: "द बोलवर्म्स केम, सो पप्पा स्प्रेड द कॉटन." मग चिठ्ठ्यांची अदलाबदल करून बिकॉज: "पप्पा स्प्रेड द कॉटन बिकॉज द बोलवर्म्स केम." कारण कुठल्या चिठ्ठीवर आहे ते बोट ठेवून दाखवायचं, मगच शब्द निवडायचा. ऑल्दोची पाळी आली: "ऑल्दो पप्पा स्प्रेड द कॉटन, द क्रॉप वॉज पुअर." तो अडला. "सर, मधे काहीच नाही? अर्धवट वाटतं." वाटणारच, त्याचा कान तरीची वाट बघत होता. तिथे फक्त स्वल्पविराम येतो. ऑल्दोचं वाक्य मागे नेलं तर बहुतेक वेळा तोही लागत नाही. बट हवाच असेल तर ऑल्दो खोडायचा. हे त्याने स्वतः खोडून पाहिलं तेव्हा पटलं.

वर्गशिक्षकांना एकच विनंती केली: काही आठवडे त्याच्या वहीत स्पेलिंगला हात लावू नका, फक्त जोडणारा शब्द तपासा, आणि गोल केला तर दोनातला कोणता ठेवायचा तेही लिहा. त्यांनी ऐकलं. मोठी वाक्यं हळूहळू परत आली. काही चुकीची होती, पण होती.

निघताना आईने विचारलं, "मग सेमी बंद करून टाकू का?" मी नको म्हणालो. नववीत माध्यम बदललं तर विज्ञानाच्या सगळ्या संज्ञा नव्याने शिकाव्या लागतील. शिवाय बिकॉज, इफ, व्हेन असलेली वाक्यं त्याला रोज भेटतात ती त्याच पुस्तकात. रोज त्यातलं एक वाक्य मोठ्याने वाचायला लावा, एवढंच सांगितलं. इंग्रजी येत नसलं तरी आईला ते ऐकता येतं.