चमकणाऱ्या डब्यातला थर्ड जनरेशन आय-फाईव्ह

प्रश्न : पोरगी यंदा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला लागली, म्हणून घरी पहिला डेस्कटॉप घ्यायचा आहे, लहान्यालाही थोडं गेम खेळायला पाहिजे. तालुक्यातल्या दुकानदारानं ४० हजाराचं कोटेशन दिलं : आय-फाईव्ह थर्ड जनरेशन, १६ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क, जीटी ७१० ग्राफिक कार्ड २ जीबीचं, लाइटवालं काचेचं कॅबिनेट, १९ इंची मॉनिटर. आमच्याकडं लाइन सारखी जाऊन राहते, व्होल्टेजचा काही भरवसा नाही. घेऊ का?
– एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : नका घेऊ भाऊ. आय-फाईव्ह प्रोसेसर म्हटलं की भारी वाटते, पण थर्ड जनरेशन म्हणजे २०१२ चा माल, अन् तोच आता नव्याकोऱ्या एच-६१ मदरबोर्डावर बसवून काचेच्या डब्यात विकून राहिले, म्हाताऱ्या बैलावर पोळ्याची झूल टाकावी तसं. टायपिंग होईल त्यावर, नाही म्हणत नाही. पण विंडोज ११ ला इंटेलचा निदान एट्थ जनरेशन प्रोसेसर अन् टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. दुकानदार जुगाड करून ११ टाकूनही देईल, मग एखादं अपडेट अडकलं की त्याच्या पायऱ्या तुम्हीच झिजवा. अन् जीटी ७१० चं म्हणाल तर ते कार्ड नुसतं नावाला, त्याच्याहून चांगले गेम आजकालच्या प्रोसेसरमधल्या इनबिल्ट ग्राफिकवर चालतात.

तुमच्या कामाला एएमडी कंपनीचा रायझेन ५ ५६००जी प्रोसेसर बघा. ६ कोर, १२ थ्रेड, ग्राफिक आतच, वेगळं कार्ड नको. इंटेल पाहिजे असेल तर आय-थ्री १२१००, पण बिलावर नाव नीट वाचा, १२१००एफ दिला तर तो थोडा स्वस्त पडते पण त्यात ग्राफिकच नसते, घरी आणून जोडला की स्क्रीन काळी अन् मग कार्ड घ्यायला परत दुकानात. रायझेनला ए-५२० किंवा बी-५५० बोर्ड चालते. हा एएम-फोर सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसते ती जागा) आता जुना झाला हे खरं, पुढचं सगळं एएम-फाईव्हवर आहे, पण त्याला डीडीआर-फाईव्ह रॅमच लागते आणि बजेट तिथंच फाटते. पोरीचं तीन वर्षांचं कॉलेज एएम-फोरवर आरामात निघते.

रॅम घेताना १६ ची एक पट्टी घेऊ नका, ८-८ च्या दोन घ्या. इनबिल्ट ग्राफिक रॅममधूनच आपलं काम भागवते, दोन पट्ट्यांवर डबल चॅनल मिळते, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकदम कामाला लागतात, आणि गेममध्ये फरक डोळ्याला दिसते. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव लय चढले, जमत नसेल तर आत्ता ८ ची एक घ्या, दुसरी मागून लावा. हार्डडिस्क मात्र आजिबात नको, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी घ्या, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी लागणारी चिपवाली वेगवान डिस्क. कॉम्प्युटर स्लो वाटते त्यात बहुतेक वेळा दोष हार्डडिस्कचाच असते.

आता खरा मुद्दा, जो कोणताच दुकानदार आपणहून काढत नाही : एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. कोटेशनमध्ये त्याची कंपनीच लिहिली नाही, म्हणजे कॅबिनेटसोबत फुकट येणारा लोकल डबा. त्यावर ४५० वॅट छापलेलं असते, छापायला काय जाते. ५६००जी ६५ वॅटचा प्रोसेसर, मॉनिटर सोडून सगळी मशीन १५० वॅटच्या आतबाहेर, म्हणजे ४५० वॅट पुष्कळ झाले, पण ते नावाजलेल्या कंपनीचे, ८० प्लस ब्रॉन्झवाले (वीज कमी वाया घालवते असा शिक्का) पाहिजे, आणि डब्यावर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं बघा. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायला सगळ्यांच्या मोटरी एकदम चालू झाल्या की घरात बल्ब पिवळा पडते ना, तेव्हा असा एसएमपीएस टिकाव धरते. काचेचं कॅबिनेट यादीतून काढा, ते पैसे इकडं टाका. सोबत ६०० व्हीएचा यूपीएस, तो काम सेव्ह करून बंद करण्यापुरताच असते, त्यावर लहान्याला गेम खेळू देऊ नका. घरी इन्व्हर्टर असेल तर साईन वेव्हचा आहे का बघा अन् मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर लाइन गेली की मशीन रिस्टार्ट होते.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात अशी तक्रार खेड्यातून नेहमी येते. मशीन खराब नसते, घरच्या लाइटच्या बोर्डात अर्थिंगच नसते. थ्री-पिनचा तिसरा पाय काढून टाकणारे वायरमन आपल्याकडं कमी नाहीत. मीठ-कोळशाचा खड्डा करून अर्थिंग घ्या, कॉम्प्युटर यायच्या आधी. अन् जूनमध्ये विजा कडकडायला लागल्या की प्लग काढा, नेटची केबलही काढा.

उन्हाळ्याचं फार टेन्शन घेऊ नका. ५६००जी ९५ डिग्रीपर्यंत सहन करते, खोली ४३ वर गेली तरी प्रोसेसरच्या बॉक्ससोबत येणारा फॅन पुरते, फक्त कॅबिनेट समोरून जाळीचं घ्या. कूलरच्या झोतासमोर मात्र ठेवू नका, तुषार आत जातात. आणि भाव येईपर्यंत कापूस घरातच साठवत असाल तर कॉम्प्युटर त्या खोलीत नकोच, त्याचा तंतू फॅनमध्ये असा गुंतते की फॅन फिरतच नाही. दिवाळीनंतर दर महिन्याला उघडून ब्लोअरनं साफ करा, हवा मारताना फॅन बोटानं धरून.

प्रश्न : मॉनिटरऐवजी घरचा ३२ इंची टीव्हीच जोडला तर?
– ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : एचडीएमआयनं लगेच लागते. पण ३२ इंची टीव्ही बरेचदा १३६६ बाय ७६८ चे असतात, जवळ बसून वाचलं की अक्षरं फुटलेली दिसतात. पिक्चर-गेमला चालेल, रोजच्या टायपिंगला २२-२४ इंची फुल एचडी मॉनिटर बरा.

प्रश्न : पार्ट ऑनलाइन मागवून घरीच जोडता येईल का? वय १७.
– ता. मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : येते की. एएम-फोर प्रोसेसरला पिना खाली असतात, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळला की तो आपोआप बसते, दाबायचा नाही. नवीन पोरं बहुतेक एकच गोष्ट विसरतात, प्रोसेसरजवळची ८ पिनची पॉवर केबल, ती नसली की फॅन फिरतात पण डिस्प्ले येत नाही. बोर्ड कॅबिनेटात कसायच्या आधी पुठ्ठ्यावर ठेवून एकदा चालू करून पाहा. प्रोसेसर बॉक्सवालाच मागव, त्याला ३ वर्षांची वॉरंटी असते, ट्रेवाल्याला (बॉक्सशिवाय सुटा विकतात त्याला) कंपनीची नसते. अन् पार्सल फोडताना मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेव.