वॉशिंग मशीन दुरुस्त करावं की बदलावं?

प्रश्न : आमचं सात किलोचं फ्रंट लोड मशीन नऊ वर्षांचं आहे. कपडे पिळताना ते इतकं घरघरतं की दुसऱ्या खोलीत बोलणं ऐकू येत नाही. कंपनीचा माणूस पूर्ण टब बदला म्हणतो, खर्च ९,५०० रुपये. बाहेरचा मेकॅनिक ४,००० रुपयांत नुसतं बेअरिंग घालून देतो म्हणतो. नवं मशीन ३२,००० ला आहे. काय करावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : वय बाजूला ठेवा, आधी नेमकं काय गेलंय ते पाहा. प्लग काढा, दार उघडा आणि ड्रमची वरची कड धरून वर-खाली करा. ड्रम आणि बाहेरचा टब एकत्र झुलत असतील तर ठीक. टब स्प्रिंगांवरच टांगलेला असतो. पण दाराचं रबर जागच्या जागी राहून आतला ड्रम तेवढा वेगळा हलत असेल, तर बेअरिंग, म्हणजे ड्रमचा दांडा ज्यात फिरतो ती गोळ्यांची कडी, झिजलंय. मग रिकामा ड्रम हाताने फिरवा. पिठाच्या गिरणीसारखी सलग घरघर आली तर शंका उरत नाही. मधूनमधून खडखड होत असेल तर नाणं किंवा ब्रेसियरची तार ड्रम आणि टब यांच्यामधल्या फटीत गेलेली असू शकते. हीटर काढून त्या जागेतून ती बहुतेक वेळा ओढून घेता येते. तेवढ्यासाठी टब बदलून घेणारेही भेटतात, म्हणून हे आधी पाहायचं.

बेअरिंग वयापेक्षा पाण्याने जास्त जातं. त्याच्या पुढचं रबरी सील झिजलं की साबणाचं पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन निघतं आणि गोळ्या गंजतात. मशीनचं मागचं झाकण काढलं की पुलीच्या मागे तपकिरी ओघळ दिसतो तो याचाच. म्हणूनच जुनं सील ठेवून नुसतं बेअरिंग बदलणं म्हणजे पैसे अक्षरशः पाण्यात.

आता ४,००० वाल्या मेकॅनिकला पैसे देण्याआधी एक गोष्ट विचारा : टबाचे दोन भाग स्क्रूने जोडलेत की प्लॅस्टिक वितळवून कायमचे चिकटवलेत? स्क्रूचा टब असेल तर काम सरळ आहे. चिकटवलेला टब काही जण करवतीने कापतात आणि नंतर स्क्रू व सिलिकॉन लावून पुन्हा जोडतात. हे जमतं, पण सांधा गळला तर पाणी खालच्या मोटरवर आणि वायरिंगवर पडतं. अशा टबाला पूर्ण टबाचा पर्याय महाग असला तरी बरा.

टब उघडला की तिथे उभं राहून दोन गोष्टी स्वतः बघा. ड्रमच्या पाठीला तीन हातांचा ॲल्युमिनियमचा ओतीव स्पायडर असतो. स्टीलच्या ड्रमला लागून आणि साबणाच्या पाण्यात राहून तो आतून पोखरला जातो. पावडर जास्त टाकायची आणि धुऊन झाल्यावर दार लगेच बंद करायचं, ही सवय त्याला आणखी मारक. राखाडी भुकटी झडत असेल, स्क्रूड्रायव्हरने खरवडल्यावर कपचे निघत असतील किंवा स्पायडरच्या हाताला तडा दिसत असेल, तर बेअरिंगवर एक रुपयाही घालू नका. असा स्पायडर पिळताना मोडला तर ड्रम टब फाडतो. दुसरी गोष्ट, शाफ्टवर, म्हणजे ड्रमच्या दांड्यावर, सील बसतं ती कडी. तिच्यावर नख अडकेल इतकी खाच पडली असेल तर नवं सीलही थोड्या महिन्यांत गळेल.

दोन्ही ठीक असतील तर मोठं आणि लहान अशी दोन्ही बेअरिंगं आणि सील एकदमच बदलून घ्या. नंबर जुन्या बेअरिंगवर कोरलेला असतो, उदाहरणार्थ ६२०५ आणि ६२०६. घेताना दोन्ही बाजूंना रबरी झाकण असलेली घ्या. सीलच्या ओठाला पाण्यात न धुपणारं ग्रीस लागतं, सायकलचं नव्हे. बेअरिंग बसवताना ठोके बाहेरच्या कड्यावरच पडले पाहिजेत. आतल्या कड्यावर हातोडी पडली तर गोळ्यांचे खळगे उमटतात, आणि मग आवाज लवकरच परत येतो.

हिशोब असा. ३२,००० चं मशीन दहा वर्षं चाललं तर वर्षाला ३,२०० पडतात. ४,००० ची दुरुस्ती दोन वर्षं टिकली तरी ती स्वस्तच. ९,५०० चा टब मात्र किमान तीन वर्षं चालायला हवा, आणि नऊ वर्षांच्या मशीनमध्ये पॅनलचा बोर्डही (मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) तितकाच जुना असतो. स्क्रूचा टब आणि धड स्पायडर असेल तर आम्ही दुरुस्ती करू. स्पायडर गेला असेल तर नवं घेऊ. ‘खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला तर फेका’ हा नियम सगळीकडे सांगतात, पण पुढे किती वर्षं मिळणार हे त्यात कुठेच धरलेलं नाही.

प्रश्न : चौदा वर्षांचं सेमी-ऑटोमॅटिक आहे. धुणं होतं, पण स्पिनर नुसता गुणगुणतो, फिरत नाही. काढून टाकावं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मुळीच नको. सेमी-ऑटोमॅटिकइतकं दुरुस्तीला सोपं मशीन दुसरं नाही. झाकण बंद केल्यावर स्पिनरचा ब्रेक सुटायला हवा. त्याची तार सैल झाली असेल तर ब्रेक धरूनच राहतो. तार ताणून घ्या. तरीही गुणगुणत असेल तर कपॅसिटर (मोटरला सुरू होताना जोर देणारा भाग) बदला, मायक्रोफॅरडचा आकडा जुन्यावर असेल तोच. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते, त्यामुळे त्याच्या टोकांना हात लावू नका. स्पिनरखालचं रबरी सील फाटून मोटरवर पाणी पडलं असेल तर मोटर आणि सील दोन्ही बदलावे लागतील, तेही परवडतं. धुण्याच्या टबालाच तडा गेला, तर मात्र निरोप द्या.

प्रश्न : टॉप लोड मशीन मध्येच थांबतं. मेकॅनिक बोर्ड बदलायला ६,५०० मागतो. मशीनवर तर ‘मोटरला दहा वर्षं वॉरंटी’ लिहिलंय!
— एक वाचक, पनवेल

उत्तर : ती वॉरंटी फक्त मोटरची. बोर्ड साधारणपणे तिच्यात धरत नाहीत, मजुरीचं काय ते कार्ड वाचूनच कळेल. बोर्डाला दोष देण्याआधी मशीन तिरपं करून खाली बघा. तळ उघडा असेल तर उंदीर वायरी कुरतडतात, आणि ते झाल्यावर तक्रार नेमकी अशीच असते. झाकणाचा स्विच आणि ड्रेनची मोटरही तपासा. हे सगळं ठीक असेल तर बोर्ड सुटे भाग बदलून दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. बऱ्याचदा एखादा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) किंवा कपॅसिटर गेलेला असतो. अख्खा बोर्ड रबरासारख्या लेपाखाली बुडवलेला असेल तर हे काम अवघड होतं. नवा बोर्ड घ्यायचाच असेल तर जुन्यावरचा पार्ट नंबर जुळवा, आणि त्याआधी घरातलं अर्थिंग तपासून घ्या.

प्रश्न : जुनं टॉप लोड विकून फ्रंट लोड घ्यायचा विचार आहे. टाकी आमच्याच मजल्याच्या छतावर आहे. चालेल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : पाणी वाचवायचं असेल, विशेषतः टँकरचं, तर बदल फायद्याचा आहे. पण बऱ्याच फ्रंट लोडना किमान ०.३ बार दाब लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी नळापेक्षा साधारण तीन मीटर उंच हवं. छतावर टेकलेल्या टाकीत ते जेमतेम बसतं, आणि टाकी निम्मी झाली की मशीन ‘पाणी येत नाही’ म्हणून थांबेल. टाकी मीटरभर उंच चौथऱ्यावर चढवा किंवा मशीनच्या लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवा. पाणी बोअरचं असेल तर नळाकडच्या पाइपच्या तोंडाची जाळी महिन्यातून एकदा काढून धुवा.