वाचकांचे प्रश्न : रेषा यंत्राची, श्रेय कोणाचे?

प्रश्न : संगणकाने काढलेल्या काळ्या-पांढऱ्या अमूर्त रेषाचित्रांत चित्रकाराचे काम ते काय उरते? (एक वाचिका, फोंडा)

उत्तर : रेषा यंत्र ओढते, पण तिचे नियम माणूस लिहितो. संगणकाने चित्रे काढणारे जर्मन कलावंत गेओर्ग नेस यांनी १९६५ साली जर्मनीतील श्टुटगार्टमध्ये अशी चित्रे प्रदर्शित केली होती. त्यांच्या एका गाजलेल्या चित्रात वर शिस्तीत उभे असलेले चौरस खाली येता येता यादृच्छिक (कोणत्याही ठरलेल्या क्रमाशिवाय येणाऱ्या) संख्यांमुळे अधिकाधिक तिरके होत विखुरतात. ही विस्कट कोठून सुरू व्हावी, किती वाढावी आणि निघालेल्या अनेक आवृत्त्यांपैकी कोणती ठेवावी, हे निर्णय चित्रकाराचेच असतात. हंगेरीत जन्मलेल्या फ्रेंच चित्रकार व्हेरा मोल्नार तर १९६८ मध्ये संगणकाकडे वळण्यापूर्वी असे नियम हातानेच पाळत असत. (तुळशीवृंदावनापुढची ठिपक्यांची रांगोळीही नियमानेच चालते.) स्वतः करून पाहायचे असल्यास ‘प्रोसेसिंग’ ही मोफत संगणकभाषा पुरेशी आहे.