ऑफिसमधून निघालेले २५ जुने कॉम्प्युटर लिनक्स टाकून शहापूर-मुरबाडच्या शाळांना द्यायचे आहेत. कोणतं लिनक्स टाकावं?

तुमच्या प्रश्नाखालचा तपशील वाचला. महापेचं ऑफिस, विंडोज ११ न घेणारी मशीन, आणि 'लिनक्स शिकलेली मुलं पुढे मागे पडणार नाहीत ना' ही काळजी. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम, आणि यातला 'कोणतं लिनक्स' हा सगळ्यात सोपा भाग आहे. लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही जुन्या मशीनला झेपणारी हलकी आवृत्ती टाका, रॅम किमान ४ जीबी करा, जुनी हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी (फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क) लावा. ऑफिसचा डेटा शाळेत जायला नको, तेही त्यातच साधतं. झालं उत्तर.

आता न विचारलेलं सांगतो, कारण याच विषयावर आमचे साडू आणि मी गेली सात वर्षं प्रत्येक बारशाला आणि साखरपुड्याला भांडतोय.

मी कळव्याला राहतो, रबाळे-महापे पट्ट्यात कंपन्यांच्या कॉम्प्युटरची एएमसीची, म्हणजे वार्षिक देखभालीची कामं करतो. २०१८ मध्ये एका गिऱ्हाईकाने सगळ्यांना लॅपटॉप दिले आणि आठ डेस्कटॉप भंगारवाल्याला किलोवर द्यायला काढले. कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम. मी म्हटलं मला द्या. पंधरा दिवस ते आमच्या हॉलमध्ये होते, आणि बायकोने त्या पंधरा दिवसांत पाहुणे येऊ दिले नाहीत. रात्री जागून आठही मशीनवर लुबुंटू हे हलकं लिनक्स चढवलं, वर्ड-एक्सेलच्या जागी लिबरऑफिस, मुलांसाठी जीकॉम्प्री आणि टक्स पेंट, नेट नसलं तरी वाचता यावा म्हणून किविक्समध्ये मराठी विकिपीडिया. छोटा हत्ती भाड्याने घेतला, नाशिक हायवेने आसनगाव, शहापूर आणि पुढे डोळखांबच्या बाजूला. जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा, बहुतेक मुलं ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरची. तानसा-भातसा याच तालुक्यात, मुंबईला पाणी इथून जातं आणि मे महिन्यात इथल्याच पाड्यांवर टँकर. असो. सरपंच आले, नारळ फुटला, मला शाल मिळाली. येताना ड्रायव्हरला मी घर येईपर्यंत फुकट सॉफ्टवेअरचं महत्त्व समजावलं.

दिवाळीनंतर पुन्हा गेलो. खोलीला कुलूप. किल्ली आली, आत गेलो तर पाच मशीनवर विंडोज ७, तेही चोरीचं, पडद्यावर लाल गाडीचा फोटो, आणि पेनड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसमुळे सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले. शहापूरच्या कुणा मेकॅनिकने मशीनमागे ३०० रुपये घेऊन टाकून दिलं होतं. उरलेली तीन सुरूच होत नव्हती, नुसती बीप, बीप.

माझं डोकं फिरलं. गुरुजींना काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्यांनी ऐकून घेतलं, खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि म्हणाले, "साहेब, तुमच्या लिनक्सवर एवढं एक उघडून दाखवा."

माझ्या लॅपटॉपवर उघडलं. शाळा सोडल्याचा दाखला होता. म्हणजे असायला हवा होता. 'शाळा' या शब्दाच्या जागी एक अवतरणचिन्ह आणि पुढे इंग्रजीत 'के के जी के'. 'दाखला'मधल्या ख च्या जागी चौकटी कंस. सगळं पान असंच.

ज्यांनी सरकारी मराठी कागद हाताळलेत त्यांना कळलं असेल. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर मराठी म्हणून साठवलेलंच नसतं. इंग्रजी के च्या खोक्यात काना बसवलेला, जी च्या खोक्यात ळ. तो फॉन्ट मशीनवर नसला की खोक्यावरची इंग्रजी पाटी तेवढी दिसते. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून ते मोबाइलवरही वाचता येतं. मला हे सगळं माहीत होतं हो. पण हॉलमध्ये बसून पंधरा रात्री मुलांचे खेळ भरताना, गुरुजी त्यावर काय उघडणार हा विचार एकदाही मनात आला नाही. दाखले, शिष्यवृत्तीच्या याद्या, पोषण आहाराचा हिशोब, आणि वरून 'आज तीनपर्यंत माहिती पाठवा' म्हणून येणारी एक्सेल. हे ज्या मशीनवर होत नाही ते मशीन गुरुजी का उघडतील? आणि गुरुजींनी खोली उघडली नाही तर मुलांपर्यंत काय पोचणार?

किल्लीची आणखी एक भानगड आहे, ती भेट देणाऱ्यांना माहीत नसते. तुम्ही दिलेलं प्रत्येक मशीन शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला चढतं. ज्याच्याकडे चार्ज त्याच्या गळ्यात. उंदराने माउसची वायर खाल्ली तरी रजिस्टरला माउस जिवंतच असतो, आणि बदली होताना तो मोजून द्यावा लागतो. मग शहाणा माणूस काय करणार, कुलूप लावणार.

त्या बीप करणाऱ्या तीन मशीनचं सांगतो. पावसाळ्याची ओल, रॅमच्या पट्टीवर गंज. आमच्या धंद्यात याला औषध एकच, खोडरबर. मी कॅबिनेट उघडलं, आतून पालीची दोन अंडी निघाली, पोरं खूश. मी बॅगेत खोडरबर शोधतोय तोवर सहावीतल्या एका मुलीने कंपासमधून आपलं काढून पुढे धरलं. पहिली पट्टी मी घासून दाखवली. सोनेरी दातांवरून एकाच दिशेने, बोट न लावता, मग फुंकर नाही मारायची, कपड्याने झटकायचं. मशीन सुरू. दुसरी तिने घासली, सुरू. तिसरीवर आम्ही दोघांनी अर्धं खोडरबर संपवलं, बीप थांबेना. पट्टी बसवायचा स्लॉटच गेला होता. ती म्हणाली, "मंग ह्याची रॅम त्याला लावा ना." बरोबर होतं, शेजारचं मशीन दुप्पट रॅमवर पळालं असतं. पण गुरुजी कळवळून म्हणाले, "अहो, डेडस्टॉकला आठ आहेत, मी सात कसे दाखवू?" शेवटी रिकामा डबा आठवा म्हणून तसाच टेबलावर ठेवला, मॉनिटर पुसून.

पुढचे दोन रविवार गुरुजींचे दाखल्याचे आणि याद्यांचे नमुने युनिकोडमध्ये बदलून दिले. लिनक्सच्या कीबोर्डच्या यादीत 'गमभन' नावाचा मराठी लेआउट आहे. रोमन अक्षरं दाबत मराठी उमटतं, गुरुजींना अर्ध्या तासात जमलं. आधी त्यांचं एक मशीन नीट केलं, मग बाकीच्यांवरचं चोरीचं विंडोज पुसलं. त्यानंतर खोली उघडी राहायला लागली, कारण गुरुजी स्वतःच तिथे बसायला लागले.

मोठमोठ्यांचंही याहून वेगळं झालेलं नाही. गरीब देशांतल्या शाळकरी मुलांसाठीच्या १०० डॉलरच्या लॅपटॉपचा गाजावाजा २००५ पासून चालला होता, प्रत्यक्षात तो २०० च्या घरात गेला. आपल्या सरकारने २००६ मध्येच नको म्हटलं, तरी २००७ मध्ये आपल्या शेजारी कर्जतजवळच्या खैराट गावात, एकशिक्षकी शाळेत त्याचा प्रयोग झाला. आतून लिनक्सच होतं. देशभर काही ते पसरलं नाही. २०११ मध्ये सरकारचा विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त आकाश टॅबलेट आला, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, आणि बोट रेटून दाबावं लागणारा पडदा. दोन्ही वेळेला चर्चा किमतीची. उलट केरळ बघा. तिथे सरकारच्या 'आयटी अॅट स्कूल' प्रकल्पाने आधी शिक्षकांना तयार केलं, पुस्तकं त्याच सॉफ्टवेअरवर बेतली, दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षा लिनक्सवर. मुलं मागे पडली असं काही ऐकलंय का? आपल्याकडे आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल नावाचे व्हिडिओ धडे मराठीत फुकट पडलेत, लिबरऑफिसपासून सगळं आहे. पवईहून डोळखांबला जायला कुणी तरी लागतं एवढंच.

आता 'मागे पडतील का'. आमचे साडू डोंबिवलीत टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास चालवतात. त्यांचं म्हणणं, "नोकरीत कुणी लिनक्स विचारत नाही, गरिबाच्या पोरांवर कशाला प्रयोग?" साडूसाहेब, पाचवीतलं पोर नोकरी मागायला दहा-बारा वर्षांनी येणार आहे. मी स्वतः वर्डस्टार आणि लोटस शिकून बाहेर पडलो, माझ्या मुलाला ही नावं एखाद्या चायनीज गाडीची वाटतात. शिवाय तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच कर्नलवर, म्हणजे गाभ्यावर चालतो, तो वापरताना तुम्ही मागे पडलेले दिसत नाही. गरिबाच्या पोराला चोरीचं विंडोज आणि त्यासोबत मेकॅनिकला दर दोन महिन्यांनी ३०० रुपये, हा प्रयोग नाही का? हे मी त्यांना तोंडावर पुष्कळदा सांगितलंय. ते हसून श्रीखंड वाढायला सांगतात.

थोडं माझ्याविरुद्धही लिहितो, नाहीतर खाली कुणीतरी लिहीलच. वरून येणाऱ्या एका एक्सेलमध्ये मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) होते, ते लिबरऑफिसमध्ये चाललेच नाहीत. म्हणून एका मशीनवर, कॅबिनेटवरच्या मूळ स्टिकरची की वापरून, मी स्वतः विंडोज ७ ठेवलं. साडूंना हे ठाऊक नाही. पुढे गुरुजींची बदली झाली, मग लॉकडाऊन, शाळा बंद, उंदीर. परत गेलो तेव्हा आठातली चार चालू होती, त्यात तो रिकामा डबा धरलेला नाही. नव्या बाईंना दाखल्याचे नमुने पुन्हा शिकवावे लागले. आणि गमभन मला सोपं वाटतं म्हणून तुमच्या गुरुजींना वाटेलच असं नाही, ज्यांनी टायपिंगची परीक्षा दिलीय त्यांची बोटं वेगळी बसलेली असतात.

तेव्हा २५ मशीन पाच शाळांत वाटू नका, दोनच शाळा धरा आणि प्रत्येकीची दोन मशीन सुट्या भागांसाठी स्वतःकडे ठेवा, रजिस्टरला चढवूच नका. शक्य असेल तर डेस्कटॉपऐवजी जुने लॅपटॉप मागा. तिकडे व्होल्टेज खाली-वर होतं, यूपीएसच्या बॅटऱ्या दोन वर्षांत बसतात, आणि लॅपटॉपची बॅटरी अर्धी मेलेली असली तरी लाइट गेल्यावर फाइल सेव्ह करण्यापुरती जगते. द्यायच्या आधी एक दिवस गुरुजींच्या शेजारी बसा, ते महिन्याभरात काय काय उघडतात ते सगळं पेनड्राइव्हवर घेऊन या आणि आधी ते चालवून बघा. बायोसचे, म्हणजे मशीनचं घड्याळ चालू ठेवणारे सेल बदला, तो किरकोळ सेल गेला की मशीन दरवेळी जुनी तारीख दाखवतं आणि मग बहुतेक साइट उघडत नाहीत.

आणि ऑफिसमधून माल उचलताना पॉवर कॉर्ड मोजून घ्या. आम्हाला आठ मशीनबरोबर पाचच मिळाल्या होत्या. तीन मी लॅमिंग्टन रोडवरून आणल्या, त्याचं बिल बायकोने अजून जपून ठेवलंय.