वंश ऑर्कचा, गोट कुणाचा?

प्रश्न असा आला आहे : काल्पनिक जग रचताना एल्फ, ड्वार्फ, ऑर्क अशा माणसासारख्या काल्पनिक लोकांना ‘जाती’ म्हणायचं, ‘वंश’ की ‘प्रजाती’? आणि त्यांच्या एकमेकांविरुद्ध उभ्या ठाकणाऱ्या ‘फॅक्शन’ना, म्हणजे गटांना, ‘पक्ष’ चालेल का? सोबत कोण कुठल्या बाजूला याची यादीही जोडली आहे.

पहिल्यासाठी बेलाशक ‘वंश’ वापरा. ‘जात’ आंब्याला, भाताला शोभते. बोलत्याचालत्या पात्राला लावली की मराठी वाचक लगेच आडनाव शोधू लागतो. ‘प्रजाती’ने जीवशास्त्राचा तास सुरू होतो. मात्र ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका वठवण्याच्या खेळाच्या २०२४च्या नियमपुस्तकात ‘रेस’ जाऊन ‘स्पीशीज’ आलं आहे. तेच मराठीत आणत असाल तर ‘प्रजाती’ला इलाज नाही. नेमका जुना शब्द ‘योनी’. ‘अमरकोश’ या जुन्या संस्कृत कोशातल्या एका श्लोकात विद्याधर, अप्सरा, यक्ष, राक्षस, गंधर्व, किन्नर, पिशाच, गुह्यक, सिद्ध आणि भूत या सगळ्या ‘देवयोनी’ म्हणून सांगितल्या आहेत. राक्षस आणि पिशाच चक्क गंधर्वांच्या पंगतीला! पुढच्याच श्लोकात असुरांना ‘पूर्वदेव’ म्हटलंय, म्हणजे आधीचे देव. पण आज ‘एल्फयोनी’ लिहिलंत तर लोक फिदीफिदी हसतील.

खरी अडचण ‘फॅक्शन’ची. ‘पांडवपक्ष’ असा समासात ‘पक्ष’ झकास बसतो, सुटा आला की निवडणूक चिन्ह डोळ्यांपुढे येतं. ‘आघाडी’ आणि ‘युती’बद्दल तर बोलायलाच नको. ‘गण’ही टाळा. पत्रिकेत २७ नक्षत्रं देव, मनुष्य, राक्षस अशा तीन गणांत नऊ-नऊ वाटलेली असतात. तिथे गण जन्मानेच ठरतो. (राक्षसगणाचं स्थळ सांगून आलं की काही घरं अजून दचकतात.) ‘तट’ छान आहे, पण तो घरातल्या फुटीसाठी राखून ठेवा. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात ‘अलायन्स’ आणि ‘होर्ड’ अशा दोन बाजू आहेत; नाइट एल्फ अलायन्सकडे आणि ब्लड एल्फ होर्डकडे, तेव्हा एल्फांत तट पडले असं म्हणता येतं.

माझं मत ‘गोट’ला. गोट म्हणजे लष्कराचा तळ. ‘विरोधी गोटात खळबळ’ हे आपण रोज वाचतो. गंमत म्हणजे ‘होर्ड’ हा शब्दही मुळात छावणीचाच : तुर्की ‘ओर्दू’पासून तो आला, आणि ‘उर्दू’ही त्याच घरातली.

शिवाय गोट बदलता येतो. बिभीषण रामाच्या गोटात गेला, म्हणून त्याचा वंश काही बदलला नाही. महाभारत युद्धात अलंबुष कौरवांकडून लढला आणि घटोत्कच पांडवांकडून, दोघेही राक्षस. अलंबुषाला मारलं ते घटोत्कचानेच. वॉरक्राफ्टवाल्यांनाही २०१२ साली ही मोकळीक द्यावीशी वाटली : पांडारेन वंशाचा खेळाडू आपला गोट स्वतः निवडतो.

तुमच्या यादीत मात्र ‘एल्फ-ड्वार्फ : प्रकाशपक्ष, ऑर्क-गॉब्लिन : अंधारपक्ष’ असं सरसकट लिहिलंय. ते मोडून ‘वंश’ आणि ‘गोट’ असे दोन वेगळे रकाने करा. एखादा ऑर्क एल्फांच्या गोटात का, हे लिहायला बसलात की निम्मं कथानक हाती लागेल. आणि अनेकवचन विचारलंत म्हणून : एक गोट, दोन गोट, ‘गोटं’ नव्हे.